राजाची शिबंदी, प्रजेचं स्वयंपाकघर

नांतचा आदेश म्हटला की एक वाक्य हटकून येतं: चौथ्या हेन्रीने १५९८ साली फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना, म्हणजे ह्यूगेनॉटांना, धर्मस्वातंत्र्य दिलं. यातला ‘दिलं’ हा शब्द मला खटकतो. कॅथलिक आणि ह्यूगेनॉट यांच्यात छत्तीस वर्षं यादवी चालली होती आणि कोणालाच कोणाला संपवता आलं नव्हतं. थकलेल्या दोन हत्यारबंद पक्षांचा हा तह होता. त्याचा जीव कलमांत नव्हता, सोबतच्या सनदेत होता. शंभराहून अधिक ठाणी आठ वर्षांसाठी ह्यूगेनॉटांच्या हाती राहायची आणि तिथल्या शिबंदीसाठी राजाने वर्षाला १,८०,००० एक्यू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) मोजायचे. म्हणजे उद्या आपल्यावरच उलटू शकेल अशी फौज राजानेच पोसायची!

पुढच्या राजाचा, तेराव्या लुईचा, मुख्य मंत्री रिशल्यू; अशा कारभाऱ्याला हे कसं रुचावं? १६२७-२८ मध्ये त्याने ला रोशेल या ह्यूगेनॉटांच्या बंदराला वेढा घातला, समुद्रात बांध घालून बंदराचं तोंड बुजवलं. शहरात सुमारे २७,००० माणसं होती, शरणागतीच्या वेळी पाचएक हजार उरली. १६२९च्या आलेसच्या तहात प्रार्थनेची मोकळीक राहिली, ठाणी गेली. तेव्हापासून नांतचा कागद राजाच्या मर्जीवर जगू लागला.

आता १६८१. चौदावा लुई गादीवर आणि पश्चिमेकडच्या प्वातू प्रांतात मारियाक नावाचा अंमलदार. त्याची युक्ती भलतीच साधी होती. सैन्याला बराकी पुरेशा नसत; शिपायांना रयतेच्या घरी उतरवायची रीत जुनीच. मारियाकने द्रागून, म्हणजे घोडेस्वार शिपाई, निवडून ह्यूगेनॉटांच्याच घरी उतरवले. एकाच घरात कितीतरी. ते खाणार, पिणार, सामान विकणार, घरच्यांना झोप लागू नये म्हणून रात्रभर ढोल वाजवणार. धर्म बदला, शिपाई शेजाऱ्याकडे जातील. वर दोन वर्षं शिपाई ठेवून घेण्यातून माफी, तीही लेखी हुकमाने! छळात हिशेबीपणा किती असावा? बोभाटा झाल्यावर मारियाकला परत बोलावलं खरं, पण १६८५ मध्ये तीच युक्ती बेआर्नमध्ये आणि मग दक्षिणेत सगळीकडे वापरली. द्रागून येताहेत एवढ्या बातमीवर गावंच्या गावं धर्म बदलू लागली. व्हर्सायला आकडे पोचत होते, दरबार खूश होता.

ऑक्टोबर १६८५ मध्ये फोंतेनब्लोहून निघालेल्या आदेशाने नांतचा आदेश रद्द झाला. कारण काय, तर बहुतेक प्रॉटेस्टंट कॅथलिक झालेच आहेत, तेव्हा जुना आदेश निरुपयोगी आहे. बरं, मग पुढची कलमं कोणासाठी? पाद्र्यांनी पंधरा दिवसांत देश सोडावा. बाकीच्यांनी सोडू नये, सोडताना सापडलेला पुरुष वल्ही मारायला गलबतावर. उरलेच नाहीत, त्यांच्यासाठी सरहद्दीवर पहारे!

तरी दीड-दोन लाख माणसं निसटली. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये त्यांचे रेशमाचे माग लागले. ब्रांडेनबुर्ग या जर्मन संस्थानाचा राज्यकर्ता फ्रीडरिख विल्हेल्म याने त्याच वर्षी पोट्सडामहून जाहीरनामा काढून त्यांना बोलावून घेतलं. हा स्वतः प्रॉटेस्टंट, पण युद्धात उजाड झालेल्या मुलखाला कारागीर हवे होते, हेही तितकंच खरं.

फ्रान्सचे किल्ले बांधणारा वोबाँ कट्टर राजनिष्ठ आणि कॅथलिक. १६८९ मध्ये त्याने युद्धमंत्री लूव्ह्वाला टिपण पाठवलं: या लोकांना परत बोलवा. त्यात त्याने हिशेब मांडला होता. आठ-नऊ हजार खलाशी, पाच-सहाशे अधिकारी, दहा-बारा हजार शिपाई, आणि हे सगळे आता शत्रूच्या फौजांत.