एसएसडी मेली नाही हो, तिला ड्रायव्हर द्या!

(कॅमेऱ्याकडे बघत)

नमस्कार मंडळी! आज अनबॉक्सिंग नाही, नवा फोन नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून अख्खं सोलापूर लॅपटॉप फॉरमॅट करत सुटलंय, असं आपल्या कमेंट बघून तरी वाटतंय. आणि तक्रार एकच: "भाऊ, डिस्कच दिसंना." सेटअप सुरू होतो, भाषा निवडता, अटी मान्य करता, आणि विंडोज कुठं टाकायचं ते विचारणारी चौकट येते ती रिकामी! खाली लिहिलेलं, लोड ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे आतल्या भागाशी बोलायला विंडोजला लागणारं छोटं सॉफ्टवेअर.

बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून विंडोजचा सेटअप सुरू होतो तो, कसा करायचा ते सांगत बसत नाही. रुफस घ्या नाहीतर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल घ्या, आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायच्या बूट मेनूसाठी एचपीला एफ९, डेल-लेनोवोला बहुतेक वेळा एफ१२. झालं, पुढं चला.

आता चौकट रिकामी का? इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर कंपनीतूनच चालू करून येतो. तुमची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे लॅपटॉपची वेगवान डिस्क, त्याच्या मागं बसलेली असते. विंडोजच्या सेटअपकडं त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसला, की त्याच्या लेखी मागची एसएसडी नाहीच. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, तिथं एसएसडीचं नाव दिसतं ना? मग ती ठणठणीत आहे.

हे एवढ्यासाठी सांगतोय, की इंजिनीअरिंगच्या एका पोराला शहरातल्या एका दुकानात सांगितलं, एसएसडी गेली, नवीन टाका. त्यानं टाकली. नवीनपण दिसंना! मग म्हणे मदरबोर्ड बघावा लागेल. अरे बाबांनो, बायोस उघडून बघायला कितीसा वेळ लागतो?

बरं, आता आजचा खरा मुद्दा. इंटेलच्या साइटवरून रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा, म्हणजे आरएसटीचा ड्रायव्हर उतरवायचा. कुठल्या पिढीला कुठला, ते तिथं लिहिलेलं असतं, वाचायचं. मिळते ती सेटअपआरएसटी नावाची ईएक्सई फाइल. आणि लोक काय करतात? ती ईएक्सई उचलतात, पेनड्राइव्हवर टाकतात, आणि मला लिहितात, "ड्रायव्हर टाकला, तरी दिसंना."

ईएक्सई चालत नाही! सेटअपला आयएनएफ फाइल लागते, म्हणजे ड्रायव्हर कसा चढवायचा ते सांगणारी, सोबत तिची एसवायएस आणि कॅट फाइल. त्या ईएक्सईच्या पोटात आहेत. शेंगाचटणीचं पाकीट न फोडता भाकरीवर ठेवलं तर चव लागेल का? फोडा की!

फोडायचं कसं? दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा.

(स्क्रीनवर कमांड: सेटअपआरएसटी डॉट ईएक्सई, स्पेस, मायनस एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स, स्पेस, फोल्डरचा पत्ता)

फाइलवर डबल क्लिक करायचं नाही. डबल क्लिक केलं तर तो त्याच कॉम्प्युटरवर इन्स्टॉल व्हायला निघतो. कमांड दिली की फोल्डर तयार होतो. आत-आत शिरत गेलात की ड्रायव्हर्स, आणि त्याच्या आत व्हीएमडी. तो व्हीएमडी फोल्डर पेनड्राइव्हवर टाका. एचपी किंवा डेलच्या साइटवरून घेतलात तर तिथंही ईएक्सईच मिळेल. डेलच्या खिडकीत एक्सट्रॅक्टचं बटण असतं. एचपीचा माल सी ड्राइव्हवर एसडब्ल्यूसेटअप फोल्डरात सुटतो. वेष्टण कुठलंही असो, शेवटी हातात आयएनएफ आली पाहिजे.

मग सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर, ब्राउज, आणि तो फोल्डर निवडा. इथं दुसरी गंमत. ब्राउजच्या त्या खिडकीत फक्त फोल्डर दिसतात, फाइल दिसत नाहीत. म्हणून निम्मी जनता म्हणते, "फोल्डर रिकामा आहे सर." रिकामा नाही, ओके दाबा. यादीत इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर येईल, पुढं ९ए०बी किंवा ४६७एफ असं काहीतरी. पहिला अकराव्या पिढीचा, दुसरा बाराव्या. निवडा, नेक्स्ट. एसएसडी पार्टिशनसकट समोर. यादीच आली नाही, तर पुन्हा तेच विचारतो: फोल्डरात आयएनएफ आहे का, की ईएक्सईच बसलीय?

आता कमेंटमधले जाणकार. दर वेळी कुणीतरी लिहितं, "एवढं कशाला, बायोसमध्ये व्हीएमडी ऑफ करा, विषय संपला." कोरा लॅपटॉप असेल तर करा, मी नाही म्हणत नाही. एसरमध्ये तर तो पर्याय लपवलेला असतो, मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर दिसतो. पण आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर जपून.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यातल्या अकाउंटंट काकांचा फोन आला होता. जीएसटीच्या रिटर्नचे दिवस, टॅलीचा सगळा डेटा त्याच लॅपटॉपवर, आणि चालू केला की निळी स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हटलं, काका, काय हात लावला? "पुतण्यानं यूट्यूब बघून काहीतरी बंद केलंय." व्हीएमडी! जुनं विंडोज व्हीएमडी चालू असताना टाकलेलं होतं, ते बंद करून उठणार कसं? परत चालू करायला लावलं, टॅली उघडलं. काकांनी फॉरमॅट मारलं असतं तर?

वर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसमध्ये असं काही बदललं, की तो रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाच्या किल्लीचा नंबर मागतो. बायोसला हात लावण्याआधीच ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर बघून कागदावर उतरवून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो चालेल, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेली चालणार नाही. हसू नका, करतात लोक.

आणखी एक. सेटअपमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबून काळ्या खिडकीतून डिस्कपार्टमध्ये, म्हणजे डिस्क पुसण्या-विभागण्याच्या टूलमध्ये शिरणाऱ्या वीरांनो, ड्रायव्हर नसताना लिस्ट डिस्कमध्ये जी एकमेव डिस्क दिसते ती तुमचा पेनड्राइव्हच असते. तिला क्लीन मारू नका, सगळं पुसलं जाईल. तीच काळी खिडकी चांगल्या कामाला लावा: डीआरव्हीलोड, स्पेस, आयएनएफचा पूर्ण पत्ता. ड्रायव्हर तिथूनच चढतो. आणि हो, इथंसुद्धा आयएनएफच लागते.

एएमडी प्रोसेसरवाल्यांनी हा इंटेलचा ड्रायव्हर उतरवायचा नाही, तुमच्यात व्हीएमडीच नाही. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकताना "ड्रायव्हर मिसिंग" येत असेल तर ते दुखणं वेगळं. त्या सेटअपला यूएसबी ३ कळत नाही. काळ्या पोर्टात पेनड्राइव्ह लावून बघा, निळ्यात नको.

कमेंट करताना "भाऊ, एचपी आहे, सांगा" एवढंच लिहू नका. लॅपटॉपचं मॉडेल लिहा, प्रोसेसरचा नंबर लिहा. आय५ नंतर ११३५ असेल तर अकरावी पिढी, १२३५ असेल तर बारावी. आणि पेनड्राइव्हवरच्या त्या फोल्डरचा फोटो काढून ठेवा, मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.