हत्तीची सोंड

नमस्कार, श्रोतेहो.

तुमच्यापैकी काही जण आत्ता एखाद्या ज्येष्ठ निवासात, आपापल्या खोलीत, दार लोटून रेडिओ ऐकत असाल. खाली हॉलमध्ये तंबोल्याचे आकडे पुकारले जात असतील आणि तुम्ही म्हणत असाल, चालू द्या त्यांचं. आज मला बोलायचंय ते तुमच्याशी. चार महिने मीही असाच बसून होतो.

पत्नी गेली, मुलगा बंगळुरूला. रामबागेतलं घर आवरलं आणि इथेच, इंदूरच्या एका निवासात राहायला आलो. जिन्याशेजारच्या फळ्यावर रोजचा कार्यक्रम लिहिलेला असे: योगासनं, भजन, अंताक्षरी. खाली एक ओळ, 'सर्वांनी अवश्य यावे.' आता 'सर्वांनी' म्हटलं की त्यात आपण नाही, असं धरून चालायची माझी जुनी खोड. त्यात एका संध्याकाळी एक उत्साही मुलगी आली आणि बालवाडीतल्या पोराशी बोलावं तशी म्हणाली, "चला आजोबा, टाळी वाजवू या!" मी दार लावून घेतलं.

मग नवरात्र आलं. समोरच्या खोलीतल्या वहिनी दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, तुम्ही नकाशे काढायचात म्हणे. भोंडल्याचा हत्ती काढून द्या की. गेल्या वर्षी आमचा हत्ती पार म्हशीवर गेला होता. सोंडच जमत नाही कुणाला."

सरकारी खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो मी. सोंड जमत नाही म्हणजे काय? पाट मागवला, ओला करून पुसला, खडू टोकदार केला. हात थरथरतो हल्ली, त्यामुळे सोंडेला आपोआप सुरकुत्या पडल्या. छान दिसल्या, खरं सांगतो.

पाट खाली ठेवला तर वाकून बघायचं कुणी? म्हणून तो स्टुलावर. भोवती खुर्च्यांचा गोल. ज्यांचे गुडघे चालतात त्यांनी फेर धरला, बाकीच्यांनी बसल्या जागी ठेका. पाट पोहोचवून निघायचं ठरवलं होतं मी, पण खिरापत ओळखल्याशिवाय निघतं कोण?

डबा फिरला. ओली की सुकी? गोड की तिखट? जो तो कानाशी डबा हलवून बघतोय, आवाज काही येईना. शिरा झाला, उपमा झाला, कुणी साबुदाण्याची खिचडी म्हणालं. डबा एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे आला. त्यांना ऐकू कमी येतं, महिनोन्‌महिने त्या कशालाच आल्या नव्हत्या. त्यांनी डबा हलवलाच नाही. झाकणाच्या फटीशी नाक नेलं आणि म्हणाल्या, "भुट्ट्याचा कीस. हिंग जास्त झालाय."

हिंग खरोखरच जास्त झाला होता.

बाईंना आम्ही सगळे तुसड्या समजत होतो. वीस माणसं एकदम बोलताहेत, ताटं वाजताहेत, पंखा घरघरतोय, अशा ठिकाणी कानातलं यंत्र सगळाच गोंगाट वाढवतं. हसू कशाचं झालं ते कळत नाही, आणि दरवेळी "काय?" विचारायची लाज वाटते. मग माणूस म्हणतो, मला आवड नाही. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या अभ्यासगटानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, ज्यांवर काही इलाज करता येतो अशी, १४ कारणं मांडली. त्यांत ऐकू कमी येणं आहे आणि माणसांत न मिसळणंही आहे. आमच्या बाईंच्या बाबतीत तर पहिल्यानंच दुसरं आणलं होतं. आता त्या भिंतीकडे पाठ करून, उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल अशा बसतात, आणि चौघांतच बदाम सात खेळतात. हरल्या की भांडतात.

तेव्हा तुमचं 'नको' नेमकं कशाचं आहे, ते एकदा स्वतःला विचारा. कानाचं असेल तर तपासून घ्या. वारंवार बाथरूमला जावं लागतं म्हणून असेल तर दाराजवळची खुर्ची अडवून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. भजन आवडतच नसेल तर मुळीच जाऊ नका, मीही जात नाही. पण खाली जाऊन एखादं काम मागून घ्या. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची वाटी सांभाळा, तंबोल्याचे आकडे पुकारा, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवा. नुसतं जाऊन बसायला संकोच वाटतो, काम असलं की पाय आपोआप वळतात.

आणि निवास चालवणाऱ्यांना एक विनंती. फळ्यावर 'सर्वांनी' लिहा, पण दारावर टकटक करून नावानं बोलवा. आणि ते टाळीचं तेवढं राहू द्या. अनंत चतुर्दशीला रात्र रात्र जागून इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहिलेली माणसं आहोत आम्ही.

यंदाचा पाट मी धुऊन ठेवलाय. हत्तीवर अंबारी काढायचा विचार आहे. खिरापत काय आहे, तेही मला कळलंय, पण ते इथे सांगितलं तर वहिनी मला जेवायला बसू देणार नाहीत.

नमस्कार.