पोलिसांच्या फायलीतलं मूल

श्रोतेहो, नमस्कार.

तीन वर्षांचा एक मुलगा आजीला सांगत होता की घरात राक्षस आला आणि त्यानं आईला मारलं. आजीनं विचारलं, बाबा होते का तिथे? नव्हते, असं तो म्हणाला. आजीनं हे सारं तपास अधिकाऱ्याला फोनवर कळवलं. ते बोलणं टाइप झालं आणि पोलिसांच्या फायलीत पडलं. हे १९८६ सालचं, अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातलं, ऑस्टिन शहराशेजारच्या विल्यमसन काउंटीतलं.

मुलाच्या वडिलांचं नाव मायकल मॉर्टन. १३ ऑगस्टच्या पहाटे ते कामावर गेले आणि त्यानंतर त्यांची पत्नी ख्रिस्टीन घरात मृतावस्थेत सापडली. संशय नवऱ्यावरच गेला. १९८७ मध्ये ज्युरीनं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळानं, त्यांना दोषी ठरवलं, जन्मठेप झाली. मुलाचं ते बोलणं ज्युरीच्या कानावर गेलंच नाही. घरामागे एक हिरवी व्हॅन उभी असायची, तिच्यातला माणूस झाडीत जाताना शेजाऱ्यांनी पाहिला होता. तेही नोंदवलेलं होतं, आणि तेही फायलीतच राहिलं.

मी वकिली करतो, म्हणून या खटल्यातली एक गोष्ट मला फार लागते. न्यायाधीशांनी तपास अधिकाऱ्याचे अहवाल स्वतः पाहण्यासाठी मागवले होते. त्यांच्यापुढे आली ती थोडीशी पानं. ती सीलबंद करून ठेवली. २०११ मध्ये ते सील फोडलं, तेव्हा आत ना मुलाचं बोलणं होतं, ना ती व्हॅन.

आता समन्सचं बघा. अमेरिकेच्या राज्यघटनेची सहावी दुरुस्ती आरोपीला आपल्या बाजूचे साक्षीदार समन्स काढून बोलावण्याचा हक्क देते. कागदही समन्सनं मागवता येतात. पण कागद आहे हेच ठाऊक नसेल, तर मागवायचं काय? १९६३ च्या ब्रॅडी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की आरोपीच्या फायद्याचा महत्त्वाचा पुरावा सरकार पक्षानं दडवायचा नाही. महत्त्वाचा कोणता, हे मात्र आधी सरकारी वकीलच ठरवणार! ज्याला खटला जिंकायचा आहे, त्याच्याच हातात चाळणी. त्यातून टेक्ससच्या जुन्या कायद्यात आरोपीनं कारण दाखवून अर्ज करायचा, कोर्टाला पटलं तर काही कागद मिळायचे, आणि साक्षीदारांचे जबाब त्यातून वगळलेलेच.

मॉर्टन सुमारे २५ वर्षं तुरुंगात राहिले. ख्रिस्टीनच्या भावाला खुनानंतर घराजवळ एक रुमाल सापडला होता. त्याच्या डीएनए तपासणीसाठी वकील वर्षानुवर्षं झगडले, आणि सरकारी पक्ष ती तपासणी नको म्हणत राहिला. अखेर तपासणी झाली. रुमालावर ख्रिस्टीनचं रक्त होतं, आणि डीएनए मार्क नॉरवूड नावाच्या माणसाचा. याच माणसानं १९८८ मध्ये ऑस्टिनमध्ये आणखी एका स्त्रीचा खून केला होता, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं. म्हणजे निरपराध माणूस आत असताना खरा खुनी बाहेर मोकळा होता. कागद दडवण्याची किंमत त्या दुसऱ्या घरानंही मोजली. मॉर्टनवर खटला चालवणारे सरकारी वकील केन अँडरसन दरम्यान न्यायाधीश झाले होते. पुरावा दडवल्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना दहा दिवसांची कैद झाली आणि वकिलीची सनद गेली.

त्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळानं मायकल मॉर्टन कायदा केला. १ जानेवारी २०१४ पासूनच्या गुन्ह्यांना तो लागू झाला. आता बचाव पक्षानं नुसती मागणी केली की पोलिसांचे अहवाल आणि साक्षीदारांचे जबाब दाखवावे लागतात. आरोपीच्या बाजूचं जे काही असेल ते तर द्यायचंच, आणि निकालानंतर सापडलं तरी द्यायचं. साक्षीदारांच्या सुरक्षेचा विचारही त्यात आहे: जबाब वकील आरोपीला दाखवू शकतो, नक्कल मात्र हाती देत नाही, पत्ता आणि फोन नंबर झाकावे लागतात. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कलम साधं आहे. गुन्हा कबूल करण्याआधी किंवा खटला सुरू होण्याआधी, काय काय दिलं याची यादी करायची आणि ती दोन्ही पक्षांनी मान्य करायची. दिलं होतं की नव्हतं, हा वाद मग पंचवीस वर्षांनी उकरावा लागत नाही.

आपल्याकडे फौजदारी खटले कसे चालवायचे हे सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे आरोपीला दोषारोपपत्राच्या नकला विनामूल्य मिळतात. पण त्या सरकार ज्यावर विसंबून आहे त्या कागदांच्या. बाजूला ठेवलेल्या कागदांचं काय? २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की सरकार पक्ष ज्यांवर विसंबून नाही अशा जबाबांची, कागदांची आणि वस्तूंचीही यादी आरोपीला मिळाली पाहिजे. यादीत नाव दिसलं की तो कागद कोर्टामार्फत मागवता येतो. यादीच नसेल, तर समन्सची तरतूद पुस्तकात छापलेली राहते.

तेव्हा तुमच्या घरातल्या कुणावर कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर "नकला मिळाल्या" अशी सही करण्याआधी पानं मोजा. झेरॉक्स पुसट असेल तर स्वच्छ मागा. आणि आपल्या वकिलाला विचारा: न वापरलेल्या कागदांची यादी मागितली का?