लढाई थांबली, खर्च थांबला नाही

श्रोतेहो, नमस्कार. श्रीलंकेतलं यादवी युद्ध १९८३ ते २००९, म्हणजे जवळजवळ सव्वीस वर्षं चाललं. त्यात माणसं किती गेली, हे आपण ऐकत आलो आहोत. आज बोलू या पैशाबद्दल.

नवल म्हणजे या काळात देशाचा विकासदर सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास राहिला. कोलंबोच्या बाजूला कपड्यांचे कारखाने चालू होते, आखातात घरकामाला गेलेल्या बायका पैसे पाठवत होत्या. पण सरासरीत उत्तरेकडचा तमिळबहुल जाफना दिसत नाही. तिकडे डिझेल, खतं, सिमेंट, अगदी बॅटरीचे सेल न्यायलाही सरकारची बंदी. डिझेल नाही, तर विहिरीवरचा पंप चालणार कसा? कांदा-मिरचीची शेती त्यावरच. मासेमारीवर निर्बंध, होड्या किनाऱ्यावर. कांकेसंतुराईचा सिमेंट कारखाना १९९० मध्ये बंद पडला. आणि रेडिओ? लोक सायकलचं पॅडल मारून डायनॅमोवर बातम्या ऐकत! वाघांची, म्हणजे स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी सरकारशी लढणाऱ्या एलटीटीई संघटनेची करवसुली वेगळीच.

दक्षिणही सुटली नाही. १९९६ च्या जानेवारीत कोलंबोत थेट मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांचा ट्रक आदळला. जुलै २००१ मध्ये कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर वाघांच्या हल्ल्यात विमानं जळाली, आणि विमा कंपन्यांनी विमानांबरोबर जहाजांवरही युद्धजोखमीचा जादा हप्ता बसवला. चहा पाठवणं महागलं, गहू आणणंही. दुष्काळ आणि जागतिक मंदी होतीच. त्या वर्षी स्वातंत्र्यानंतर प्रथमच अर्थव्यवस्था आकसली.

मला मात्र याहून मोठा वाटतो तो कुठल्याच वहीत न चढलेला तोटा. दक्षिण आशियात बाजार खुला करण्यात श्रीलंका पहिली, १९७७ मध्ये. मोटोरोलासारखी कंपनी तिथे कारखाना काढायच्या बेतात होती. १९८३ च्या तमिळविरोधी दंगली पेटल्या आणि तो बेत बारगळला. जे कामगार तिथे कधी लागलेच नाहीत, त्यांची भरपाई कोण मागणार?

परदेशी कर्ज फेडता न आल्यानं २०२२ मध्ये निघालेलं देशाचं दिवाळं सगळं युद्धाच्या माथी मारता येणार नाही. करकपात, कोविड, रासायनिक खतांवरची बंदी, ही कारणं नंतरची. पण लढाई संपल्यावरही फौज मोठीच राहिली आणि तिचे पगार तिजोरीतूनच जात राहिले. दोन लाखांचं सैन्य २०३० पर्यंत एक लाखावर आणू, असं सरकारनं जाहीर केलं ते थेट जानेवारी २०२३ मध्ये, तिजोरी रिकामी झाल्यावर.