आधी छायाप्रत, मग अर्ज

नमस्कार, श्रोतेहो. निकालात एखादा विषय राहिला, की मुलं थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरतात. थांबा. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. आधी छायाप्रत, मग अर्ज. हे का, ते मुंबई विद्यापीठाचं 2017 साल आठवलं की कळतं.

त्या वर्षी विद्यापीठाने सगळ्या शाखांचे पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या घरात. पान न् पान स्कॅन करायचं, बारकोड जोडायचा, मग प्राध्यापकाने लॉगिन करून गुण द्यायचे. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना सराव नाही, सर्व्हर रुसलेला. कायद्याप्रमाणे निकाल फार तर 45 दिवसांत लागायला हवा. इथे जुलै उजाडला, तेव्हा कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, 31 तारखेची मुदत घातली. लेक्चर बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं. मुदत हुकलीच. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, कुणाचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. निकाल हाती आले, तर परीक्षेला बसलेली मुलंही काही ठिकाणी ‘गैरहजर’! कुणाची पुरवणीच सापडेना. पूर्वी पुरवणीला दोरा बांधायचो. मला विचाराल तर तो पांढरा दोरा बारकोडापेक्षा भरवशाचा होता. पण ते असो.

तर छायाप्रत आली की पहिलं पान बघा: बैठक क्रमांक तुमचाच ना? मग पुरवण्या मोजा. प्रत्येक उपप्रश्नापुढे गुण आहेत का, ते पाहा. शेवटी बेरीज स्वतः करा. बेरीज चुकली किंवा उत्तर तपासायचं राहिलं, तर नुसती गुणपडताळणी पुरते. उत्तर बरोबर असून गुण कमी वाटले, तरच पुनर्मूल्यांकन. तेही विषयाच्या सरांना किंवा मॅडमना प्रत दाखवून. फी दर विषयाला वेगळी पडते. प्रात्यक्षिकाचे आणि अंतर्गत गुण यात येत नाहीत, त्यासाठी कॉलेजातच विचारा.

मुदत मात्र मोजक्याच दिवसांची असते. तारीख परिपत्रकात बघा, व्हॉट्सॲपवर नाही. आणि अर्ज केला म्हणून एटीकेटीचा, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याचा, फॉर्म सोडू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल बऱ्याचदा पुढच्या परीक्षेच्या तोंडावर येतो, आणि फॉर्मची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही.