सदा प्लगला असलेल्या ट्रेलरची बॅटरी

मंडळी, मागच्या वेळी चहाला उभे असताना चौघांनी मला एकच प्रश्न विचारला: ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराला, लिथियम बॅटरी घेऊ का? मी प्रत्येकाला उलट विचारलं, वर्षातल्या किती रात्री प्लगशिवाय काढता? तिघं म्हणाले, एकही नाही. ट्रेलर एक तर घरच्या ड्राइव्हवेत, नाही तर कॅम्पग्राउंडच्या ३० अँपिअरच्या खांबाला. आजचं बोलणं या तिघांसाठी.

प्लग लावला की एसी आणि मायक्रोवेव्ह थेट १२० व्होल्टवर चालतात. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा पंखा हे सगळं १२ व्होल्टचं, ते कन्व्हर्टर पुरवतो, म्हणजे १२० चे १२ व्होल्ट करणारा डबा. बॅटरी चार्ज करतो तोही हाच. म्हणजे बॅटरी नुसती बसून असते. मग काढूनच टाकली तर? ते मात्र करू नका. ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटला, तर साखळीजवळची बारीक तार ओढली जाते, ब्रेकच्या स्विचमधली पिन निघते आणि चाकांचे इलेक्ट्रिक ब्रेक या बॅटरीवर लागतात. एका चाकाला साधारण ३ अँपिअर, चार चाकांना १२. पाव तास ब्रेक धरून ठेवले तरी खर्च ३ अँपिअर-अवर. जॅक आणि स्लाइड-आउटची (बाहेर सरकणाऱ्या खोलीची) मोटर क्षणभर बराच करंट ओढते, पण तेही मिनिटभराचं काम. सांगायचं काय, तर बॅटरी फार मोठी लागत नाही. ती जागेवर हवी आणि चार्ज असलेली हवी, एवढंच.

तर अशी बसून खाणारी बॅटरी मरते कशी? माझी पहिली सांगतो. ट्रेलरबरोबर आलेली, ग्रुप २४ मापाची, साधी ॲसिडची. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये सहज झाकणं उघडून टॉर्च मारला, तर प्लेटांची टोकं कोरडी, करडी पडलेली, आणि पाणी बोटभर खाली. मीटर लावला: १३.८ व्होल्ट. रात्री १३.८, सकाळी १३.८. जुना कन्व्हर्टर, त्याला दुसरं काही येतच नव्हतं. मंद आचेवर विसरलेलं दूध आटावं तशी ती आटली होती. चार्ज भरल्यावरही करंट जात राहिला की पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो. ॲसिड मात्र आतच राहतं, म्हणून भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. पुण्याला घरी इन्व्हर्टर होता त्यांना ती वर-खाली होणारी लाल दांडी आठवत असेल. इथे अमेरिकेतल्या बॅटरीला बहुधा ती नसते. वाकूनच बघावं लागतं, आणि आपण वाकत नाही!

म्हणून दुकानात जाण्याआधी मीटर आणा. प्लग दोन-तीन दिवस लावून ठेवा, आतलं सगळं बंद करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरच मोजा. चांगला कन्व्हर्टर आधी १४.४ देतो, मग १३.६ वर येतो आणि बरेच तास काही वापरलं नाही तर १३.२ वर विसावतो. तुमचा १३.८ वरच अडला असेल, तर आधी तो बदला. नाही तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

कन्व्हर्टर ठीक असेल आणि महिन्यातून एकदा झाकण उघडायची तयारी असेल, तर साधी ग्रुप २४ घ्या. ७५-८० अँपिअर-अवर पुष्कळ झाले. झाकण उघडणार नसाल तर एजीएम, म्हणजे ॲसिडचीच, पण बंद खोक्याची बॅटरी. ती महाग असते, पण पाणी मागत नाही. मात्र तिच्यात पाणी घालताही येत नाही, त्यामुळे जादा चार्जिंगने एकदा सुकली की उपाय नाही. जुन्या कन्व्हर्टरला एजीएम जोडणं म्हणजे पैसे उन्हात ठेवणं.

लिथियमचे गुण खरे आहेत: वजनाला हलकी, आणि हजारो वेळा उतरते, चढते. पण तुमची उतरणारच नाही! उलट उन्हाळ्यात सतत १०० टक्के भरून ठेवली तर ती पडल्यापडल्या म्हातारी होते. शिवाय शून्य अंश सेल्सिअसखाली तिला चार्ज करायचं नसतं, आणि आपली बॅटरी असते बाहेर, हिचजवळच्या (ट्रेलर गाडीला जोडतो तिथल्या) प्लास्टिकच्या डब्यात, मिशिगनच्या जानेवारीत. चौथा गडी मात्र दोन-दोन आठवडे जंगलात राहतो. त्याने लिथियम जरूर घ्यावी, पण त्याचा हिशेब वेगळा.

थंडीचं एक राहिलं. भरलेली ॲसिडची बॅटरी इथल्या थंडीत गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र उणे सात-आठ अंशांतच गोठू शकते आणि खोकं तडकतं. प्लग काढलात की गॅस डिटेक्टर रात्रंदिवस थोडाथोडा करंट पीत राहतो, काही आठवड्यांत ती रिकामी. तेव्हा हिवाळ्यात प्लग काढणार असाल तर आधी पूर्ण भरा आणि मग टर्मिनलवरची तार सोडवा. वसंतात तार परत जोडायला विसरू नका, कारण ब्रेकची ती पिनही तिच्यावरच अवलंबून आहे. निघण्याआधी तपासा: ट्रकची सात पिनांची केबल काढून ठेवा, ब्रेकची पिन ओढा आणि गाडी कणभर पुढे घ्या. ट्रेलरची चाकं अडली पाहिजेत. अडली की पिन लगेच परत बसवा, नाही तर ब्रेकची कॉइल तापते.