गणिताच्या तासाला झोपणारा येष्टी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय मुलांच्या अंगातली चपळाई, घरातली मिळकत आणि शाळेतले गुण या तिघांविषयी. पण आधी येष्टीची गोष्ट सांगतो.

येष्टी म्हणजे एक पोरगा. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गणित आणि खेळ शिकवायचो, तेव्हा तो सातवीत होता. वस्ती अडीच किलोमीटरवर. आमच्याकडचं पाणी आटतं, पाय आटत नाहीत; ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या, २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या. तर हा पोरगा सकाळच्या गाडीमागं पळत शाळेत यायचा, म्हणून नाव पडलं येष्टी. ६०० मीटरला घड्याळ लावलं की बाकीचे शेवटच्या वळणावर असायचे आणि हा टाकीवर पाणी पीत उभा.

आणि गणिताच्या तासाला? झोपलेला. तिसरा तास लागला की मान खाली.

त्याच वर्गात किराणा दुकानदाराची मुलगी. येणं-जाणं स्कूटरवर, संध्याकाळी शिकवणी. ६०० मधले शेवटचे २०० मीटर ती चालतच यायची, बूट मात्र पांढरेशुभ्र. त्या कॅनव्हासच्या बुटांना माझा पहिल्यापासून विरोध आहे बरं का! आईचा रविवार त्यांना खडू फासण्यात जातो, आणि मळतील म्हणून पोरं पळत नाहीत. असो. वर्गात पहिली तीच. शिक्षकांच्या खोलीत निकाल लागलेला होता: पळणारं पोर अभ्यासात मागं. मीही मान डोलावली.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. खिचडीची सुट्टी साडेनऊला आणि गणित सुट्टीनंतर. एके दिवशी अपूर्णांक चालले होते, मागच्या बाकावरून हात वर. येष्टी! उत्तर बरोबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात वर. विचारलं, "काय रे, आज झोप न्हाई?"

"खाल्लंय न्हवं गुरुजी."

एरवी तो कोऱ्या चहावर घरून निघायचा, आणि गणित असायचं खिचडीच्या आधी. वर्षभर मी हे पाहिलं नव्हतं.

तेव्हा लक्षात घ्या, पाय वेगळे, पोट वेगळं. पळण्यानं त्याचं गणित बिघडत नव्हतं. न्याहारी, शिकवणी, अभ्यासाला निवांत कोपरा, हे सगळं मिळकतीतून येतं. शहरात चित्र उलटं दिसतं. पोहण्याच्या क्लासची फी ज्यांना परवडते, त्यांची मुलं चपळही आणि गुणांतही पुढं. मग आपण म्हणतो, बघा व्यायामाची किमया! तिथंही मध्ये पैसा उभाच असतो.

मग व्यायामाच्या पदरात काय उरतं? उरतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी २००९ साली नऊ-दहा वर्षांची २० मुलं घेतली. एक दिवस नुसतं बसवलं, एक दिवस चालण्याच्या यंत्रावर २० मिनिटं चालवलं, आणि नंतर लक्ष किती लागतं ते तपासलं. चालल्यानंतर उत्तरं जास्त बरोबर आली, वाचून समजणंही सुधारलं. यात गंमत अशी की तुलना त्याच मुलाची त्याच मुलाशी होती. पुन्हा सांगतो, त्याच मुलाची त्याच मुलाशी. बाप गरीब असो की श्रीमंत, दोन्ही दिवस बाप तोच.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत हवी म्हणते. आपल्याकडे परीक्षा जवळ आली की पहिला बळी पीटीच्या तासाचा. मी तर दोन्ही विषय शिकवायचो. तास पळवायला कुणाला विचारायचीही गरज नव्हती.

येष्टीच्या सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा मारला होता, "आळशी. वर्गात झोपतो." खाली त्याच्या वडिलांचा अंगठा होता. बहुतेक तो शेरा त्यांना वाचून दाखवला असेल येष्टीनंच.

नमस्कार.